तुम्ही विचारलंत म्हणून: सहा महिन्यांत आम्ही का फिरलो

ऑफिसात, पुण्याच्या नातेवाईकांत, लग्नाच्या पंगतीत, २०२४ पासून मला एकच प्रश्न येतो. माहेर निफाड तालुक्यात, मी नाशिकला सिडकोत राहते, त्यामुळे "तुम्ही कांदेवाले" म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. मे महिन्यात लोकसभेला दिंडोरीत महायुतीच्या केंद्रीय मंत्र्यांना पाडलंत, नाशिकमध्ये विरोधातल्या वाजेंना निवडून दिलंत आणि नोव्हेंबरात विधानसभेला जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा त्याच महायुतीला दिल्यात, मग तुम्हाला नक्की हवंय काय, लाडकी बहीण योजनेच्या महिन्याच्या पंधराशे रुपयांत फिरलात का? आजपर्यंत मी काहीतरी बोलून विषय बदलत आले. आज नीट सांगते, कारण हा प्रश्न ऐकून मला खरंच त्रास होतो, आणि का होतो तेही सांगते.

आधी कांदा. निर्यातबंदी ८ डिसेंबर २०२३ ला लागू झाली त्या दिवशी माझा भाऊ ट्रॉली भरून लासलगावला गेला होता, लिलाव बंद पडले, संध्याकाळी भरलेली ट्रॉली घरी आली. लाल कांदा होता, तो उन्हाळ कांद्यासारखा चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, टाकून ठेवता येत नाही, त्यामुळे पुढच्या आठवड्यात मिळेल त्या भावाला दिला. बंदी उठली ४ मे ला, तीही ५५० डॉलर किमान निर्यात दर आणि ४० टक्के शुल्क लावून, आणि आमचं मतदान २० मे ला. पिंपळगाव बसवंतच्या पंतप्रधानांच्या सभेत एका पोराने उभं राहून "कांद्यावर बोला" म्हणून आवाज दिला तेव्हा गावात कुणाला नवल वाटलं नाही. तो राग खरा होता. पण १३ सप्टेंबरला किमान दराची अट गेली, शुल्क निम्मं झालं आणि नोव्हेंबरात कांद्याला भाव होता. आमच्या चाळीत तेव्हा फारसा कांदा उरला नव्हता ही गोष्ट वेगळी, पण बाजारात भाव असला की माणसाच्या बोलण्यातली धार जाते. यात फिरणं कुठे आलं? ज्या गोष्टीवर राग होता ती गोष्टच थोडी बदलली होती.

आणि मे मधला जनादेश तरी तुम्ही समजता तितका सरळ होता का? दिंडोरीत भगरे नावाचे दोन उमेदवार होते, निवडून आलेल्या शरद पवार गटाच्या भगरेंची निशाणी तुतारी वाजवणारा माणूस, दुसऱ्याची नुसती तुतारी, आणि त्या दुसऱ्या अपक्षाला लाखाच्या वर मतं पडली. माझ्या चुलत्यांनी कोणतं बटण दाबलं ते त्यांनाच नक्की सांगता येत नाही. टीव्हीवर मात्र निकालाच्या दिवशी "शेतकऱ्याने धडा शिकवला" म्हणून चर्चा चालू होती.

जात नव्हती का? होती. मे महिन्यात आमच्या गावात मराठा आणि ओबीसी घरं एकमेकांच्या दारातला चहा टाळत होती, संविधान बदलणार अशी भीती वेगळीच, आणि नोव्हेंबरात "बटेंगे तो कटेंगे" रोज चार ग्रुपवर यायचं. मी शिकलेली, नोकरी करणारी, तरी नाशिक पश्चिमच्या उमेदवारांची यादी हातात आली तेव्हा मी आधी आडनावं वाचली. काम नंतर, पक्ष नंतर. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आणि विधानसभेचं मत वेगळं असतं हेही खरंय, आमची डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली तेव्हा तीन दिवसांत नवी कुणाच्या फोनमुळे आली ते भावाला पाठ आहे, खासदाराला तो डीपीसाठी फोन करत नाही.

पण तुमचा खरा प्रश्न पंधराशेचा असतो. तो मीही विचारला होता, आणि कुणाला विचारला तेच सांगायचंय.

२०२४ च्या दिवाळीत माहेरी गेले होते. आई बासष्ट वर्षांची. जुलैत फॉर्म भरला, घरात ट्रॅक्टर चालतो पण चारचाकी चालत नाही म्हणून पात्र झाली, राखीपौर्णिमेच्या आसपास पहिले तीन हजार आले आणि आचारसंहितेच्या आधी नोव्हेंबरपर्यंतचे धरून साडेसात हजार जमा. भाऊबीजेच्या दिवशी सगळे जेवत होतो, वहिनी वाढत होती आणि आई एवढंच म्हणाली की, माझ्या खात्यावर मेसेज येतो बरं का. मी पटकन बोलले, "आई, दादाची ट्रॉली परत आली तेव्हा रडली होतीस ना, आता पंधराशे रुपयांत मत विकणार का?"

भाऊ, वहिनी, भाचा, माझा नवरा, सगळे तिथे होते. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मान खाली घातली. आई काही बोलली नाही, भाजीत भाकरी कुस्करत राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, "कवळीचं माप देऊन आलेय पिंपळगावला."

मला आधी कळेचना. तिच्या डाव्या बाजूच्या दाढा दोन वर्षांपासून नव्हत्या. ती भाकरी कुस्करून खायची, आम्हाला वाटायचं तिला तशीच आवडते. मग ती म्हणाली, "तुला सांगितलं होतं मी. तू म्हणाली बघू." खरंच सांगितलं होतं. फोनवर. तेव्हा माझ्या पोराची फी होती, मी बघू म्हटलं आणि विसरले. दादाला तिने सांगितलंच नव्हतं, कारण त्या वर्षी कांद्याने मार खाल्लेला. चाळीस वर्षं ती त्या वावरात आहे, रोप लावणं, खांडणी, चाळीतली निवडणी, सगळं. पण व्यापाऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, अण्णांच्या नावाने निघते आणि सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. स्वतःच्या दाढांसाठी तिला घरात मागावं लागणार होतं, आणि तिने मागितलं नाही.

हात धुऊन आल्यावर ती परत म्हणाली, "मत कुणाला द्यायचं ते मी अजून ठरवलं नाही. पैसे माझ्या नावावर आले, एवढंच सांगत होते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली नाही, नाशिकला निघून आले. अजूनही मागितलेली नाही.

आता मला सांगा, मी तुम्हाला काय उत्तर देऊ? नुसत्या पैशावर असतं तर महाविकास आघाडी तीन हजार देणार होती, बायका तिकडे गेल्या असत्या. यावर मीच मला म्हणते की, बाई, खात्यावर आलेले पंधराशे आणि भाषणातले तीन हजार एक नसतात, म्हणजे पैशाचा परिणाम झालाच. झाला असेल. निवडणुकीच्या तोंडावर असे पैसे वाटणं मला तेव्हाही चूक वाटत होतं, आजही वाटतं, महायुतीचं एकवीसशेचं आश्वासन आणि नंतरच्या लाभार्थी बायकांच्या पडताळण्या बघून तर जास्तच. पण पैसे देणाऱ्यावर टीका करणं वेगळं आणि घेणारीला विकली गेलीस म्हणणं वेगळं, आणि मी दुसरं केलं. चाळीस वर्षांत तिच्या नावाने पैसे कुणीच पाठवले नव्हते, आम्ही मुलांनीसुद्धा नाही, मग जे पहिले आले त्यांच्याबद्दल तिला काही वाटलं तर त्यात तिची एकटीची चूक कशी? हे म्हटल्यावर मला परत वाटतं की मी माझा अपराध धुऊन काढण्यासाठी योजनेची वकिली करतेय. दोन्ही वाटतं. कुठलं खरं ते माझं अजून ठरत नाही.

आणि कृपा करून "अडाणी बायका" म्हणू नका. माझ्या आईने कवळीसाठी दोन ठिकाणी भाव विचारला, पावती घेतली, उरलेल्या पैशांत वहिनीला साडी घेतली. मी यादीतली आडनावं वाचून मत दिलं.

२० नोव्हेंबरला ती सकाळी सातलाच शाळेवर जाऊन मत देऊन आली. कुणाला दिलं ते तिने सांगितलं नाही. भाऊ म्हणतो, त्याच्याच माणसाला, डीपीवाल्या. वहिनी म्हणते नाही, आई मशीनपाशी खूप वेळ उभी होती, आत काहीतरी चाललं होतं तिच्या. मी विचारलं नाही. आता ती फोनवर बोलते तेव्हा कवळीमुळे स वेगळा येतो, आणि मला तेवढंच ऐकू येतं.