आमची वाटचाल : साठ रिंगा आणि पाऊण मिलिमीटर

दुर्बिणीला कॅमेरा जोडायची कुठलीही रिंग आली की आमच्या टेबलावर आधी पिच गेज, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर (पिच) तपासायचं माप, लागतं, बाकी सगळं नंतर. या सवयीची किंमत साठ रिंगा आहे आणि ती आम्ही एकट्यांनी भरली.

नाशिकच्या सातपूरमधल्या शेडमध्ये दुर्बिणींचे सुटे भाग आणि दुरुस्तीचं काम सुरू केलं तेव्हा भांडवल म्हणजे मामांचा लेथ आणि मामांचा हात. मामा आमचे पहिले भागीदार. कारखान्यांसाठी बुश आणि पिना करता करता त्यांनी पहिला खांब करून दिला. नाशिकमध्ये ज्याच्याकडे इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांच्या चालीबरोबर दुर्बीण फिरवणारा आधार) आहे त्याला खांब कशाला लागतो ते सांगायला नको. या माउंटचा अक्ष अक्षांशाएवढाच वर उचलावा लागतो आणि आपला अक्षांश २०. माउंट एवढा खाली झुकवला की वजनाची दांडी तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला आपटते. मोटर अडते, गिअर कुरकुरतो आणि लोक मोटर बदलायला निघतात. तिपाई आणि माउंट यांच्यामध्ये १५ सेंमीचा ॲल्युमिनियमचा खांब घातला की दांडी मोकळी फिरते. खांबाची दोन्ही तोंडं समांतर हवीत. मामा प्रत्येक खांबाला डायल गेज लावून बघायचे आणि केसभर फरक असला तरी पुन्हा फेसिंग मारायचे, म्हणजे लेथवर तोंड सपाट करायचे.

आता त्या रिंगा. एका विक्रेत्याने नमुना पाठवला आणि तशाच साठ टी-रिंगा, म्हणजे कॅमेरा दुर्बिणीला जोडायच्या रिंगा, मागितल्या. नमुना ४२ मिमीचा. मामांनी आटे मोजले, पिच १ मिमी निघाली, तशीच कापली. टी-थ्रेडचा व्यासही ४२ मिमीच असतो, पण पिच ०.७५ मिमी. १ मिमी पिच असते ती जुन्या स्क्रू माउंट कॅमेऱ्यांच्या लेन्सला. म्हणजे नमुना म्हणून आलेला तुकडा टी-रिंग नव्हताच, जुन्या लेन्सचा अडॅप्टर होता. असे दोन आटे एकमेकांत घातले तर पहिला एक-दीड फेरा छान बसतो, मग अडतो. तिथं जोर केला की ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम चावतं आणि रिंग जाम होते. विक्रेत्याच्या माणसाने पक्कड लावली, एका गिऱ्हाइकाच्या फोकसरचे (दुर्बिणीची कॅमेरा लावायची, पुढे-मागे सरकणारी नळी) आटे गेले आणि खापर आमच्यावर फुटलं. पैसे तर मिळाले नाहीतच, वर गावभर बोभाटा झाला की यांच्या रिंगा लावू नका. नमुना त्यांचा होता, माप नमुन्याबरहुकूम होतं. हा तुकडा कशाचा आहे हे आम्ही विचारलं नाही, एवढी चूक आमची, ती मान्य आहे. त्यांची चूक त्यांनी आजतागायत मान्य केलेली नाही.

१ मिमीचे आटे पडलेल्या जागी पाऊणचे पुन्हा पाडता येत नाहीत. सगळ्या रिंगा भंगारात गेल्या. सहा महिने शेडचं भाडं मामांच्या बुशांवर निघालं.

त्या सहा महिन्यांत दारात येत राहिले ते निफाडचे एक निवृत्त मास्तर. त्यांची ८ इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशांची दुर्बीण, एफ/५ (फोकल लांबी आरशाच्या व्यासाच्या पाचपट). घराभोवती द्राक्षबागा आणि निफाडची थंडी, त्यामुळे दव असं पडायचं की दुय्यम आरसा अकरा वाजताच धुरकट. त्याच्या पाठीला आम्ही ४७ ओहमचे तीन रेझिस्टर एकापुढे एक जोडून चिकटवले. १२ व्होल्टवर मिळून साधारण १ वॅट उष्णता होते, तेवढी पुरते. जास्त दिली तर नळीतली हवा हलते आणि तारे फुगतात. रेझिस्टर पाव वॅटचे घेऊ नका, जळतील. १ वॅटचे घ्या.

पुढं मास्तरांनी सेन्सर थंड ठेवणारा कॅमेरा घेतला. महिन्याभरात फोटोंत राखाडी कडी दिसायला लागली. त्याच विक्रेत्याने सांगितलं, सेन्सर गेला, बदला. मास्तर चेहरा पाडून आमच्याकडे आले.

“मास्तर, कड्याचा व्यास किती पिक्सेल?”

“चारशेच्या आसपास.”

पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. ४०० गुणिले ३.७६ म्हणजे दीड मिमी, त्याला एफ-आकडा ५ ने गुणलं की साडेसात मिमी. धूळ सेन्सरपासून एवढ्या अंतरावर, म्हणजे पुढच्या संरक्षक काचेवर. खात्रीसाठी कॅमेरा फोकसरमध्ये ९० अंश फिरवून पुन्हा फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाचा फोटो, घेतला. कडी फोटोत जागची हलली नाहीत, म्हणजे धूळ कॅमेऱ्यासोबतच फिरते आहे. रबरी ब्लोअरने चार फुंकरी मारल्या, काम संपलं. दाबलेल्या हवेचा कॅन मात्र वापरू नका, त्यातला द्रव काचेवर डाग सोडतो. मास्तरांनी ही गोष्ट ज्याला त्याला सांगितली आणि आमची गाडी रुळावर आली.

त्यानंतरची वर्षं कामात गेली. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी अंशाच्या दहाव्या भागाइतके जवळ आले. त्या आठवड्यात माळ्यावरच्या दुर्बिणी एकदम खाली उतरल्या आणि कोलिमेशनसाठी, म्हणजे आरसे एका रेषेत आणण्यासाठी, रांग लागली. निम्म्यांचे आरसे ठीक होते, आरसे जुळवायला वापरतात तो लेझरच तिरका होता. व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) लेझर ठेवून जागच्या जागी फिरवा. पाच मीटरवरच्या भिंतीवर ठिपका गोल फिरला तर आधी लेझर सरळ करा, आरशाला हात लावू नका.

फोटोच्या कोपऱ्यातल्या ताऱ्यांचंही तेच, आधी दोष कुठला ते बघा. चारही कोपऱ्यांत सारखे ताणलेले असतील तर बॅकफोकस, म्हणजे करेक्टर (कडेचे तारे सुधारणारी भिंग) ते सेन्सर हे अंतर, चुकला आहे. बहुतेक करेक्टरना ५५ मिमी लागतात, आणि मधे २ मिमी जाडीचा फिल्टर घातला तर त्यात ०.७ मिमी वाढवा. एकाच बाजूचे ताणलेले असतील तर कॅमेरा कललेला आहे. सगळं चित्र एकाच दिशेला ओढलेलं असेल तर दोष माउंटचा. मधले तारेही त्रिकोणी दिसत असतील तर आरशाच्या क्लिपा आवळल्या गेल्यात. क्लिपेखाली कागद सरकेल एवढ्या सैल करा.

दुरुस्तीला येताना फोनवर आलेला फोटो नको, कॅमेऱ्याच्या मूळ रॉ फाइली आणा, जोडीला एक फ्लॅट. मे संपायच्या आत आलात तर बरं, पावसाळ्यात बंद डब्यात ठेवलेल्या काचेवर बुरशी धरते. आणि रिंग करून हवी असेल तर नमुना आणू नका. कॅमेरा आणि फोकसर, दोन्ही घेऊन या.