तुम्ही विचारलेत म्हणून: त्या वेळी आमच्या घरातून काय उत्तर गेले

ऑस्ट्रेलियात समलिंगी विवाहावर झालेल्या कौलाविषयी गेली काही वर्षे मला एकच प्रश्न दोन बाजूंनी विचारला जातो. सिडनीत कामाच्या ठिकाणी भेटणारी माणसे विचारतात, “तुमच्या भागाने ‘नाही’ का म्हटले?” आणि आपली मराठी माणसे, विशेषतः माझ्या लेकीविषयी कळल्यापासून, आवाज खाली आणून विचारतात, “मग त्या वेळी तुम्ही कुठल्या चौकटीत खूण केली होतीत?” पहिल्या प्रश्नाला मी आजवर पुष्कळ उत्तरे दिली आणि त्यांतली बरीचशी बरोबर होती, दुसऱ्याला मात्र एकदाही खरे उत्तर दिलेले नाही. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून दोन्ही इथे लिहिते.

२०१७ साली समलिंगी जोडप्यांना लग्न करता यावे म्हणून कायदा बदलावा का, यावर ऑस्ट्रेलियात टपालाने कौल घेतला गेला, तेव्हा देशभरातून ६१.६ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटले. आम्ही राहतो त्या पॅरामॅटा मतदारसंघात ६१.६ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटले. दशांशापर्यंत तोच आकडा, फक्त उलटा. १५ नोव्हेंबरला सकाळी निकाल लागला आणि जेवणाच्या सुट्टीत, माझ्याबरोबर अकरा वर्षे काम केलेली एक बाई मला म्हणाली, “तुम्ही लोक असे असाल असे मला वाटले नव्हते.” ती रागाने बोलली नाही, तिला खरोखर वाईट वाटले होते, आणि म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले. त्या ‘तुम्ही लोक’मध्ये लेबनीज, चिनी, तमिळ, गुजराती, कोरियन आणि मी असे सगळे एका दमात आले होते.

तिला तेव्हा जे सांगता आले नाही ते नंतर मी अनेकांना सांगितले. देशातल्या १५० मतदारसंघांपैकी १७ ठिकाणी ‘नाही’चे बहुमत झाले, त्यांतले १२ न्यू साउथ वेल्समध्ये आणि बहुतेक आमच्या पश्चिम सिडनीत होते, हे खरे आहे. ब्लॅक्सलँडमध्ये ७३.९ टक्के, वॉटसनमध्ये ६९.६ टक्के ‘नाही’. पण त्या कागदावर धर्म, भाषा, जन्माचा देश यांपैकी काहीही विचारलेले नव्हते. एक प्रश्न होता आणि दोन चौकटी होत्या. किती जणांनी उत्तर पाठवले हे वयाप्रमाणे आणि स्त्री-पुरुषांप्रमाणे जाहीर झाले, पण कोणत्या समाजाने काय उत्तर दिले हे कुणी मोजलेच नाही. मतदारसंघाचा आकडा घेऊन त्यात राहणाऱ्या एखाद्या समाजाच्या नावावर तो टाकणे हा हिशेब नव्हे, अंदाज आहे. शिवाय क्वीन्सलँडमधल्या मारानोआने ५६.१ टक्के ‘नाही’ म्हटले, केनेडी आणि ग्रूम यांनीही ‘नाही’च म्हटले. ते गुरांच्या, शेतीच्या, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या गोऱ्या कुटुंबांचे प्रदेश आहेत, आणि तिथल्या कुणाला जेवणाच्या सुट्टीत ‘तुम्ही लोक’ असे कुणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. उलट ‘नाही’च्या बाजूने सर्वांत जोराने बोलणारे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांच्या स्वतःच्या वॉरिंगामध्ये ७५ टक्के ‘हो’ आले.

हे असे आधीही घडले आहे. २००८ साली कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह बंद करणारा ठराव मंजूर झाला, तेव्हा मतदानाच्या दिवशीच्या पाहणीवरून ७० टक्के कृष्णवर्णीयांनी त्याला पाठिंबा दिला असे सांगितले गेले आणि सगळा दोष त्या समाजावर आला. पुढे नीट अभ्यास झाल्यावर तो आकडा ६० च्याही खाली असावा असे दिसले, आणि माणूस किती नियमाने प्रार्थनेला जातो हे लक्षात घेतले की वर्णाचा फरक जवळजवळ उरत नाही असेही दिसले. पण आधीचा आकडा लोकांच्या तोंडी बसला तो बसलाच.

एवढे सगळे मी बोलू शकते. आणि एवढे सगळे बोलून झाल्यावर मला माझे स्वतःचे घर आठवते, ज्याचा अंदाज मला करावा लागत नाही.

त्या वर्षी कोजागिरी गुरुवारी आली होती, म्हणून आम्ही सगळ्यांना शनिवारी, ७ ऑक्टोबरला, आमच्याकडे बोलावले होते. पंचवीसेक माणसे होती. आमची तिघांची पाकिटे येऊन दोनतीन आठवडे झाले होते आणि ती स्वयंपाकघरात, किल्ल्या अडकवतो त्याच्या खालच्या फळीवर उभी करून ठेवलेली होती. यांचे, माझे आणि लेकीचे. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि तिचे मतदार म्हणून ते पहिलेच पत्र होते. आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांना ती दिसली. “काय, अजून पाठवली नाहीत?” असे ते सहज म्हणाले आणि विषय निघाला. कुणी म्हणाले, आता हेच बघायचे राहिले होते. कुणी म्हणाले, दोन माणसे त्यांच्या घरात कशी राहतात ते राहू देत, पण त्याला लग्न कशाला म्हणायचे. एका काकूंनी दूरदर्शनवरची जाहिरात सांगितली, ज्यात एक आई म्हणते की माझ्या मुलाला शाळेत सांगितले, वाटले तर झगा घालून ये. “उद्या आपल्या नातवंडांना काय शिकवतील, सांगा,” असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातली भीती खरी होती, हे मी आजही सांगेन.

लेक मसाला दुधाचे पेले घेऊन आली होती. ती म्हणाली, “काकू, प्रश्न लग्नाचा विचारलाय, शाळेचा नाही.”

एवढेच बोलली. आवाज चढलेला नव्हता. पण माझ्या घरात, माझ्या मुलीने, वडीलधाऱ्या बाईला सगळ्यांदेखत उलट उत्तर दिले होते, आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणाले, “लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस. आपल्याकडे असलं काही नाही, आपल्याला काय करायचंय त्याचं?” काही जण हसले, कुणीतरी दुधाचे कौतुक केले आणि विषय संपला. लेकीने हातातला ट्रे खाली ठेवला नाही. ती प्रत्येकासमोर जाऊन पेला देत राहिली, त्या काकूंनाही दिला. माझ्यापाशी आली तेव्हा तिने मला पेला दिला, पण माझ्याकडे पाहिले नाही.

रात्री पातेली घासताना तिने विचारले, “आई, तू पाठवणार आहेस ना तुझं?” मी म्हणाले, “हो, पाठवते.” तिने पुन्हा विचारले, “‘हो’ म्हणून?” मी पातेल्यातून मान वर न काढता म्हणाले, “हो.”

यांनी ‘नाही’वर खूण केली आणि दुसऱ्या दिवशी जेवताना तसे सांगितले. बापलेकीत मोठे भांडण झाले आणि पुढे पंधरा दिवस त्या दोघांचे बोलणे माझ्यामार्फत होत होते. मी माझे पाकीट पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवले. हा कौल घेणाऱ्या सांख्यिकी खात्याने २७ ऑक्टोबरपर्यंत टपालात टाका असे सांगितले होते, त्याच्या आधी दिवाळी झाली. शेवटची मुदत ७ नोव्हेंबरला संध्याकाळी सहाची होती. त्या दिवशी मेलबर्न कपची शर्यत असते, कार्यालयात कुणाचेच कामात लक्ष नसते, आणि मी दिवसभर सहा वाजण्याची वाट पाहत होते, कारण सहा वाजले की ठरवायचे काही उरणार नव्हते.

म्हणून, ज्यांनी ज्यांनी विचारले त्यांना उत्तर: मी ‘हो’ म्हटले नाही आणि ‘नाही’ही म्हटले नाही. सुमारे १ कोटी ६० लाख मतदारांपैकी १ कोटी २७ लाखांनी कागद परत पाठवला, पाचांतल्या एकाने पाठवला नाही. त्या पाचव्या माणसात मी आहे.

तेव्हाची मी याचे समर्थन करीत असे. निवडणुकीत मत देणे या देशात सक्तीचे आहे, हा कौल ऐच्छिक होता. शिवाय दुसऱ्याने लग्न करावे की नाही यावर देशभरातल्या परक्या माणसांनी खुणा करणे हीच गोष्ट मुळात चुकीची आहे, संसदेने आपले काम करावे, असे मी स्वतःला सांगत असे. हे म्हणणे खोटे नव्हते. ज्यांच्या लग्नाचा हा प्रश्न होता त्यांच्यातलेही अनेक जण तेच म्हणत होते, आणि कौल थांबवावा म्हणून केलेले अर्ज उच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्येच फेटाळले होते. ते तत्त्व मला आजही पटते. मात्र मी पाकीट फाइलमध्ये ठेवले ते तत्त्वासाठी ठेवले नव्हते. चांगल्या माणसांनी मनापासून घेतलेल्या भूमिकेचा मी आडोसा केला, याचे मला न पाठवण्याहून जास्त वाईट वाटते.

पुढच्या वर्षी, ६ सप्टेंबर २०१८ ला, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या व्याख्येतून बाहेर काढले. त्या रविवारी आम्ही दोघी गणपतीच्या मखराचे कागद कापत बसलो होतो. ती बातमी मीच काढली, चांगले झाले असे म्हणाले. लेकीने कात्री खाली ठेवली आणि आपल्या आयुष्यातल्या मुलीविषयी सांगितले. मग म्हणाली, “बाबांना नंतर सांगेन. तुला आधी सांगितलं, कारण तेव्हा तू ‘हो’ म्हणाली होतीस.”

मी तिचा हात धरला. जे बोलायला हवे होते ते बोलले आणि ते मनापासून बोलले. फक्त ते एक वाक्य दुरुस्त केले नाही. ते दुरुस्त करायला मला आणखी पाच महिने लागले. एका संध्याकाळी तिला स्टेशनवर सोडायला जाताना मी गाडीत सांगून टाकले. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “तू ‘नाही’ पाठवलं असतंस तरी चाललं असतं, आई. बाबांशी मला भांडता तरी आलं.” आणि हे खरे आहे की ज्यांनी ‘नाही’ म्हटले होते त्या तिच्या वडिलांशी ती आज माझ्याहून मोकळेपणाने बोलते. त्यांनी तिला एके दिवशी विचारले, “माझ्या त्या कागदाचा तुला त्रास झाला का?” ती म्हणाली, “हो, झाला,” आणि त्यांनी ते ऐकून घेतले. मला त्या दोघांचा हेवा वाटतो, असे लिहिले तर तुम्ही चकित होऊ नका.

आता पहिल्या प्रश्नाकडे पुन्हा येते, कारण माझ्या घराचे उत्तर दिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नव्हते. आपली माणसे विरोधात का गेली असतील? आमच्याकडे त्या रात्री कुणी धर्मग्रंथ काढला नव्हता. आमच्या बोलण्यात होती ती सोयरीक. कागदावरचा प्रश्न कायद्याविषयी होता, दोन माणसांच्या नोंदणीविषयी होता. आम्ही तो मुलीची पत्रिका, व्याही, आहेर, कन्यादान आणि गावाकडून येणारे फोन यांच्याविषयी आहे असे वाचले. ज्या मुलांसाठी देश सोडला ती आपल्याला न कळणाऱ्या भाषेत वाढत आहेत, ही धास्ती आधीपासून होती, त्या जाहिरातीने तिला वाचा फोडली. आणि एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा कळत नाही. इथे मामा, काकू, आत्या असे जे काही आम्हाला आहे ते त्या पंचवीस माणसांत आहे. बाळंतपणात डबे त्यांनी दिले, यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा दवाखान्यात रात्री त्यांनी जागवल्या. त्यांच्यासमोर वेगळे बोलायचे म्हणजे उद्याच्या अडचणीतले माणूस आजच गमावायचे, असे वाटते.

असे वाटते, पण ते खरे होते का, हे मला आता सांगता येत नाही. लेकीविषयी कळल्यावर त्या रात्री हजर असलेल्या तिघांनी मला वेगवेगळे गाठून सांगितले की त्यांनी तेव्हा ‘हो’च पाठवले होते. त्यांतल्या एक त्या झग्याची जाहिरात सांगणाऱ्या काकूंच्या सूनबाई आहेत. तिघांनाही वाटत होते की खोलीत आपण एकटेच आहोत. मी तेव्हा तोंड उघडले असते तर त्यांनी उघडले असते की नाही, हे मी पुष्कळदा मनाशी घोळवले आहे आणि कधी एक उत्तर येते, कधी दुसरे.

तिकडे भारतातली माणसे दरम्यान बदलली आहेत. २०२३ साली प्यू या संस्थेने केलेल्या पाहणीत भारतातल्या ५३ टक्के लोकांनी समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता असावी असे म्हटले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्यता द्यायला नकार दिला. आम्ही मात्र १९९८ साली विमानात बसताना जो महाराष्ट्र बरोबर घेतला तोच अजून सांभाळून आहोत, असे लेक म्हणते. मला हे पूर्ण मान्य नाही. ज्या काकांनी विषय काढला त्यांनीच पुढे तिला, “तुझ्या मैत्रिणीलाही घेऊन ये गं गणपतीला,” असा निरोप पाठवला, आणि त्या शब्दाचा अर्थ त्यांना ठाऊक होता.

तो कागद आज आला तर मी त्याच दिवशी ‘हो’वर खूण करून टपालात टाकीन, यात मला शंका नाही. पण तो बंद पाकिटात जातो. गेल्या दिवाळीत सांगलीहून सासूबाईंनी व्हिडिओ कॉल केला होता. फराळाच्या ताटापाशी लेक आणि ती मुलगी अशा दोघी बसल्या होत्या. सासूबाईंनी विचारले, “ती शेजारी कोण गं?” मी म्हणाले, “तिच्या कॉलेजातली आहे.” लेकीने ते ऐकले. ती काही बोलली नाही, आजीला नमस्कार केला, आणि त्या मुलीनेही केला.