या वयात इंग्रजी शब्दांची वही कशाला?

ठाणे-वाशी लोकलमध्ये वही उघडली की शेजारची हमखास विचारते, "ताई, परीक्षा आहे का?" घरचे म्हणतात, "शब्द पाठ करून या वयात काय मिळवायचंय? मोबाइलवर अर्थ दिसतो की!" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

मोबाइलवर अर्थ दिसतो, पण त्यासाठी शब्द आधी कानाने पकडावा लागतो. समोरचा भराभर बोलत असताना स्पेलिंग कुठून आणू?

बाबा आयसीयूत होते, इथेच ठाण्यात. रात्री बाकावर मी काढत होते, चिठ्ठ्या घेऊन औषधांसाठी खाली-वर मीच करत होते. डॉक्टरांनी मला "तुम्ही मुलगी का?" एवढंच मराठीत विचारलं आणि ते वळले पुण्याहून आलेल्या चुलतभावाकडे. पुढचं सगळं इंग्रजीत. 'प्रॉग्नोसिस', 'पॅलिएटिव्ह' हे शब्द सारखे येत होते. दादा मान हलवत होता, मी दोघांच्या तोंडाकडे बघत उभी. लिफ्टमध्ये तो म्हणाला, "त्रास होऊ नये म्हणून औषधं देणार आहेत." मला बरं वाटलं. आत जाऊन बाबांना घरी गेल्यावर काय काय करायचं ते सांगत बसले. बाबा आता बरे होणार नाहीत, हे मला पुढे आयाबाईंनी सांगितलं. 'प्रॉग्नोसिस' म्हणजे आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज आणि 'पॅलिएटिव्ह' म्हणजे आजार बरा न करता फक्त त्रास कमी करणारे उपचार.

डॉक्टरांनी माझ्याशी मराठीत बोलायला हवं होतं, हे मी तेव्हाही भांडून सांगायचे, आजही सांगते. मग इंग्रजी शब्दांची वही ठेवणं म्हणजे माघार का? काही दिवशी वाटतं, हो, माघारच. तरी लिहिते.

शब्द, सोप्या इंग्रजीत अर्थ आणि खाली माझं स्वतःचं वाक्य. कोश खास शिकणाऱ्यांसाठीचा घेते. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. त्यांचा असा कोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला. परक्या माणसाला अर्थाइतकीच शब्दाची वाक्यातली जागा कळायला हवी, हे त्यांनी ओळखलं होतं. 'कन्सेंट' म्हणजे संमती देणं, हा अर्थ मला ठाऊक होता. पुढे 'टू' लागतं, हे उदाहरणानेच शिकवलं. माझं वाक्य आहे, 'आय डिड नॉट कन्सेंट टू द प्लॅन.'

म्हणून माझी यादी मागू नका. आपल्याच घरातले विम्याचे, भाडेकराराचे, दवाखान्याचे कागद काढा आणि अडलेले शब्द तिथून घ्या. हे कागद मराठीत का नाहीत, हेही विचारा. मीही विचारतेच आहे.