तबकडीतली लाख

सडक अर्जुनीत माझं माईक-अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. फागुनातली गोष्ट. जुन्या मालगुजारी वाड्यातला एक मुलगा चावीचा ग्रामोफोन आणि गोणपाटात गुंडाळलेल्या सात तबकड्या घेऊन आला. त्यातली एक दुभंगलेली.

स्प्रिंग शाबूत होती, नुसतं ग्रीस वाळून दगड झालं होतं. रॉकेलने धुतलं, नवं भरलं, कोरी सुई लावली. पोलादी सुई एकदाच वापरायची, नाहीतर खाचा खरवडतात.

तीन मिनिटांचं गाणं. खरखरीतून वर येणारा बाईचा खणखणीत आवाज, आणि गाणं संपताच ती इंग्रजीत म्हणाली, ‘माय नेम इज गौहर जान.’ अंगावर सर्रकन काटा आला. गौहर जान म्हणजे त्या काळची नामांकित गायिका. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने तिचं गाणं पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा माईक नव्हता, वीज नव्हती. गाणारीने भोंग्यात तोंड घालून गायचं आणि त्या आवाजाच्या जोरावर सुईने मेणात रेघ कोरायची. मेणाच्या त्या चकत्या जर्मनीत हॅनोव्हरला जात, छापलेल्या तबकड्या तिथून परत येत. तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळावं म्हणून शेवटी नाव सांगत, असं म्हणतात. मी आयुष्यभर माईकच दुरुस्त केले. माईकशिवाय इतका आवाज पकडला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फुटलेल्या तबकडीच्या कडेला मी सोल्डरिंगचं तापलेलं टोक टेकवलं, कशाची आहे ते बघायला. धूर निघाला. बाकावर भजनी मंडळाचा माईक घ्यायला आलेले एक काकाजी बसले होते. ते एकदम उठले.

“भाऊ, हे तं लाख होय!”

काकाजींचा जन्म पळसावर लाख घेण्यात गेला. बीजलाखेच्या, म्हणजे लाखेचे किडे असलेल्या, काड्या फांद्यांना बांधायच्या, किडे कोवळ्या डहाळीवर पसरले की मग त्यांच्या अंगातून पाझरणारी लाख जमायची वाट बघायची. मी सांगितलं, बरोबर ओळखलं. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी मिळून ही तबकडी होते. आपल्या देशातली लाख तेव्हा जहाजं भरभरून बाहेर जायची. पुढे तबकड्यांसाठी व्हिनाइल नावाचं प्लास्टिक आलं आणि ती गरज सरली.

काकाजी बराच वेळ तबकडीवर बोट फिरवत राहिले.

“मंग या बाईचा आवाज किड्यायच्या लाखीत बसला हाय?”

“हो.”

“आणखी एकदा लाव.”

मी नवी सुई बसवून चावी दिली. फुटके तुकडे मुलाने नको म्हटले, ते काकाजींनी दुपट्ट्यात बांधले. भजनाचा माईक दुकानातच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांचा नातू येऊन घेऊन गेला.