दोन आसनांची गाडी आणि बाबांचा फिलर गेज

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याला वळसा घालणाऱ्या 'नॉर्थ कोस्ट 500' या रस्त्याविषयी आजवर इतके लिहून झाले आहे की त्यात मी भर घालावी असे फारसे काही उरलेले नाही. इन्व्हरनेसच्या किल्ल्यापाशी सुरू होऊन तिथेच संपणारा हा सुमारे 516 मैलांचा फेरा 2015 साली पर्यटकांपुढे मांडला गेला, आणि तेव्हापासून त्याची छायाचित्रे पाहून पाहून माणूस न जाताच थकून जातो. मी लिहिते आहे ते निघण्यापूर्वीच्या दिवसांविषयी. लेस्टरहून 1972 सालच्या, उघड्या टपाच्या गाडीतून इतक्या लांब जायचे ठरवले की प्रवास घराच्या गॅरेजमध्येच सुरू होतो, आणि आमच्या बाबतीत तो तिथेच सर्वांत रंगला.

गाडी एमजीबी. ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात या प्रकारच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या, त्यामुळे ती दुर्मीळ नाही आणि केवळ श्रीमंतांची चैनही नाही. तिचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही टपालाने घरपोच मिळतो. (या सोयीबद्दलची माझी तक्रार पुढे येईलच.) चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारसे फेरफार न झालेल्या गाडीला ब्रिटनमध्ये रस्ता कर भरावा लागत नाही, आणि 2018 पासून वार्षिक तपासणीही सक्तीची राहिलेली नाही. ही दुसरी सवलत मला मुळीच पटलेली नाही. ज्या गाडीचे ब्रेक, सांधे आणि तारा आपल्याहून वयस्कर असू शकतात, नेमकी तिलाच परीक्षेतून सूट द्यायची, हा न्याय अजब आहे. मी दरवर्षी पैसे भरून तपासणी करून घेते. या खेपेला उजव्या पुढच्या चाकाच्या किंगपिनमध्ये, म्हणजे चाक ज्याभोवती वळते त्या खिळीत, ढिलेपणा असल्याचे तपासनिसाने दाखवून दिले, आणि डोंगराळ प्रदेशात जाण्याआधी ते कळले याचे मला बरेच वाटले.

खरी अडचण होती ती आसनांची, कारण गाडीत ती दोनच आहेत. त्यांच्या मागे जी फळी दिसते तिच्याखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, माणूस बसू शकत नाही. त्यातच कोल्हापूरहून बाबा उन्हाळ्यापुरते आमच्याकडे आले होते. "मे महिन्यात स्कॉटलंडमध्ये छप्पर उघडून बसायला मला काही डॉक्टरांनी सांगितलेले नाही," असे जाहीर करून नवऱ्याने स्वतःहून माघार घेतली. त्यामागे सासऱ्यांबद्दलचा आदर किती आणि गारठ्याची भीती किती, हे मी विचारले नाही.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाबांचा जन्म उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये गेला आहे. लेस्टरमध्ये आल्यापासून त्यांना करण्यासारखे काहीच नव्हते. बागेत बसायचे, आकाशाकडे पाहायचे आणि पाऊस येईल असे सांगायचे, जे इंग्लंडमध्ये नेहमीच खरे ठरते. गाडीकडे त्यांनी पहिले काही दिवस पाहुण्याच्या अलिप्तपणाने पाहिले. मग एका सकाळी मी बोनेट उघडून तेल पाहत असताना ते मागे येऊन उभे राहिले, वाकले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "पोरी, हे तर आपल्या अॅम्बॅसडरचं इंजिन."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून निघालेल्या अॅम्बॅसडरमध्ये अनेक वर्षे जे 1489 सीसीचे इंजिन बसवले जात असे, ते आणि एमजीबीचे 1798 सीसीचे इंजिन ही बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या एकाच 'बी' मालिकेतली भावंडे आहेत. गाडी घेतल्यापासून मी हे वाचून जाणत होते, पण बाबांना ते वाचावे लागले नाही. त्यांनी टॅपेट कव्हरच्या दोन नटांवर बोट ठेवले, प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर कोणत्या अंगाला आहे ते पाहिले, आणि आत जाऊन आपला चांगला शर्ट बदलून आले.

त्या दिवसापासून तयारीची सूत्रे माझ्या हातात राहिली नाहीत, आणि मला त्याचे वाईटही वाटले नाही. पहिले काम टॅपेटचे, म्हणजे वाल्व्हवरची बारीक फट बेताची करण्याचे. प्लग काढून, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून, मी ती इंच इंच पुढे ढकलायची, म्हणजे इंजिन हळूहळू फिरते. बाबांनी आत वाकून पाहायचे. आठ वाल्व्हच्या या इंजिनाचा एक जुना हिशोब आहे, तो नवाचा. आठवा वाल्व्ह पूर्ण दबलेला असेल तेव्हा पहिल्याची फट मोजायची, सहावा दबला की तिसऱ्याची, चौथा दबला की पाचव्याची. दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी नऊ आली पाहिजे. बाबांनी हा हिशोब कोणत्याही पुस्तकात पाहिला नव्हता. ते नुसते "थांब" आणि "जरा पुढं" एवढेच बोलत होते, आणि फिलर गेजची पंधरा थाऊ, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांश जाडीची, पट्टी फटीतून ओढताना त्यांचे डोळे मिटलेले असत, कारण पट्टी किती अडते आहे हे बोटांनाच कळायचे. कव्हर बसवून इंजिन सुरू केले तेव्हा थोडी टकटक ऐकू आली. मी विचारल्यावर ते म्हणाले की टॅपेट थोडे वाजलेच पाहिजे. जे अगदी गप्प बसते ते वाल्व्ह जाळते.

त्यानंतर त्यांनी चाके घेतली. स्पोकच्या चाकांवर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ हलकेच आपटत गेले की घट्ट तार खणखणते आणि सैल तार बद्द वाजते. मागच्या डाव्या चाकात अशा तीन बद्द तारा निघाल्या. टायरच्या नक्षीकडे पाहून कोणीही फसले असते, कारण ती नव्यासारखी होती, परंतु बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे 2311 असे होते, म्हणजे टायर 2011 सालच्या तेविसाव्या आठवड्यातले. पाचही टायर बदलले. सगळ्या तयारीत सर्वांत जास्त पैसे इथेच गेले आणि त्याबद्दल मला जराही खंत नाही.

पेट्रोलच्या नळ्यांचे प्रकरण वेगळे आहे. सप्टेंबर 2021 पासून ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. नळी आतून मऊ पडते, तिला भेगा जातात, आणि गरम इंजिनावर पेट्रोलचा थेंब पडणे म्हणजे काय हे सांगायला नको. जुन्या गाड्यांना महागडे 'सुपर' पेट्रोल भरावे, त्यात इथेनॉल पाच टक्क्यांपर्यंतच असते, असा सरकारचाच सल्ला आहे. पण उत्तर स्कॉटलंडमध्ये मुळात पंपच दूरदूर, तिथे आपल्या आवडीचे पेट्रोल मिळेलच असे धरून चालता येत नाही. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी आम्ही इथेनॉल सोसणाऱ्या जातीची बसवली.

आता त्या तक्रारीकडे येते. लांबच्या प्रवासाआधी पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि तिच्या आत फिरून प्रत्येक प्लगकडे वीज पाठवणारा रोटर, हे ठिणगीशी संबंधित भाग नवे घालावेत, हा जगन्मान्य सल्ला आहे. मी हे सगळे एका विक्रेत्याकडून मागवले. चकचकीत खोक्यातून आलेले भाग पाहून बाबा खूश झाले नाहीत. जुना रोटर त्यांनी उजेडात धरून पाहिला, पितळी टोकावरची काजळी पुसली, कापडात गुंडाळला आणि माझ्या देखत हातमोजे ठेवायच्या कप्प्यात टाकला. "चालतोय तो काढायचा कशाला?" एवढेच ते म्हणाले. पण सल्ला जगन्मान्य होता, आणि नवा रोटर बसला.

चाचणीसाठी आम्ही मॅटलॉकमार्गे बक्स्टनला गेलो आणि तिथून मॅकल्सफील्डकडे जाणारा 'कॅट अँड फिडल'चा घाट धरला. वळणावळणाचा, उघड्या माळरानावरून चढणारा हा रस्ता मोटरसायकलवाल्यांचा लाडका आहे. चढ लागेपर्यंत इंजिन सुरेख चालले. मग ते मिसिंग मारू लागले, एक-दोन धक्के बसले, आणि रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत मी गाडी कशीबशी घेईपर्यंत बंद पडले. कुठे धूर नाही, वास नाही, काही नाही. मागून, टाकीतले पेट्रोल ओढणाऱ्या गाडीतल्या पंपाची टकटक मात्र व्यवस्थित येत होती, म्हणजे पेट्रोल पोहोचत होते. मदतीच्या गाडीला बोलावले तर दीड तास लागेल असे सांगण्यात आले, आणि गाडी 1972 सालची आहे हे ऐकल्यावर पलीकडच्या आवाजात जी सहानुभूती उतरली तिने मला अधिकच चीड आली.

बाबा तोवर खाली उतरले होते. डिस्ट्रिब्युटरची टोपी त्यांनी बाजूला केली, कॉइलची जाड तार टोपीतून उपटली, प्लॅस्टिकच्या मुठीच्या पकडीत धरून तिचे टोक रोटरच्या मधल्या पितळेपासून जेमतेम पाव इंच वर आणले, आणि मला चावी फिरवून इंजिनाला धक्का द्यायला सांगितले. तारेच्या टोकावरून रोटरवर निळी ठिणगी पडली. मला वाटले, ठिणगी आहे म्हणजे सगळे ठीक आहे. बाबा म्हणाले, उलटे आहे. टोपी बाजूला काढलेली असताना रोटरवर आलेल्या विजेला पुढे जायला वाटच नसते, त्यामुळे तिथे ठिणगी पडताच कामा नये. ती पडते याचा अर्थ वीज रोटरच्या प्लॅस्टिकमधूनच खाली दांड्यात उतरते आहे आणि प्लगपर्यंत पोहोचतच नाही. थंड असताना प्लॅस्टिक कसेबसे टिकते, तापले की हात टेकते. पितळी पट्टी बसवायला वापरलेला रिव्हेट खोलवर गेला की असे होते, आणि अलीकडच्या स्वस्त रोटरमध्ये हा दोष जुन्या गाड्या चालवणाऱ्यांना चांगलाच परिचयाचा आहे. कापडातला जुना रोटर निघाला, बसला, आणि इंजिन पहिल्याच धक्क्यात सुरू झाले. मदतीची गाडी यायच्या आत आम्ही घाटमाथा ओलांडला होता.

नव्या वस्तूला चांगली वस्तू समजण्याचे दिवस आता गेले, असे माझे ठाम मत तेव्हापासून झाले आहे. रबर जुने झाले की बदलावे, ते वयानेच मरते. पण वर्षानुवर्षे इमाने काम करणारा धातूचा आणि बेकेलाइटचा भाग केवळ प्रवास लांबचा आहे म्हणून काढून टाकणे हा शुद्ध अंधविश्वास आहे.

सामानाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण सामान फार नेताच येत नाही. डिकीत स्टेपनी आडवी पडलेली असते. तिच्याभोवती जी जागा उरते तीत पाने, फॅनबेल्ट, पाण्याच्या नळ्या, बल्ब, फ्यूज, तार, तेलाचा डबा आणि चाकाचा नट सोडवायचा तांब्याचा हातोडा गेला. उरलेल्या जागेत दोन मऊ पिशव्या. भडंगाचा डबा मात्र बाबांनी पायांशी ठेवला.

टपाविषयी मात्र सांगायलाच हवे, कारण त्याची तालीम कोणी करत नाही. या गाडीचा टप दट्ट्यांनी, म्हणजे दाबून लावायच्या बटणांनी, आणि कड्यांनी बसतो, कापड थंडीत आखडते, आणि घरासमोर उन्हात सहज लागणारे दट्टे गार वाऱ्यात दोन बोटे कमी पडतात. आम्ही मुद्दाम पावसात, बागेच्या पाइपाने नव्हे तर खऱ्या पावसात, तो चढवून पाहिला. शेजारच्या बाईंनी खिडकीतून हात हलवला, त्यात कौतुक होते की कीव, कळले नाही. वेग बऱ्यापैकी असला तर काचेवरून पाऊस डोक्यावरून निघून जातो आणि टप लागतही नाही. भिजायला होते ते सिग्नलला. बाबांनी या सर्व प्रश्नांवर कानटोपी आणि मफलर हे एकच उत्तर शोधले होते, आणि ते पुरेसे ठरले.

नंतरचा प्रवास झाला, उत्तम झाला. एकेरी रस्त्यांवर समोरच्याला वाट देण्यासाठी राखलेल्या जागांत मोठाल्या कॅम्परव्हॅन उभ्या करून चहा पिणाऱ्या लोकांना मात्र मी क्षमा करणार नाही. अॅपलक्रॉसकडे जाणाऱ्या, 626 मीटर उंचीवरच्या बेअलख ना बा खिंडीत अशा एका कुटुंबापायी मला चढावर, क्लचचा वास येईपर्यंत, मागे यावे लागले. अलापूल आणि डर्नेस इथे बाबांनी बोनेट उघडून अनोळखी लोकांना अॅम्बॅसडरविषयी सांगितले, आणि लोकांनी ते मनापासून ऐकले.

डिकीतल्या सामानापैकी सबंध प्रवासात मागच्या दिव्याचा एक बल्ब आणि अर्धा लिटर तेल एवढेच खर्ची पडले. जुना रोटर अजूनही डिस्ट्रिब्युटरमध्येच आहे. नव्याचे पैसे परत मागितले तेव्हा विक्रेत्याकडून उत्तर आले की विजेचा भाग एकदा गाडीला बसवला की परत घेतला जात नाही.