तुम्ही विचारलंत म्हणून: एट हंड्रेड बरी की के-टेन?

चाळीसगावला आमच्या दारात दोन गाड्या उभ्या असतात. एक नव्वदच्या दशकातली, कार्बोरेटरवाली (म्हणजे इंजिनात जाणारं पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) मारुती 800 आणि दुसरी अलीकडे घेतलेली अल्टो के-टेन. त्यामुळे आलेला पाहुणा चहा संपायच्या आत विचारतोच, "खरं सांगा, चांगली कोणती?"

नवी. शंका असेल त्यानं मे महिन्यात भरदुपारी कन्नडचा घाट चढून बघावा. 800चं इंजिन 796 सीसीचं, ताकद 37 अश्वशक्तीच्या आसपास. चार माणसं आणि सामान असलं की पायथ्यालाच एसी बंद करायचा, काचा खाली करायच्या आणि दुसऱ्या गिअरवर रेटायची. के-टेन 998 सीसीची, ताकद 67च्या घरात. एसी चालू ठेवून गप्पा मारत वर.

उन्हाची तऱ्हा आणखी वेगळी. आपल्याकडे पारा 44-45ला टेकला की कार्बोरेटरची कुठलीही गाडी रस्त्यात रुसू शकते. तिचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. इंजिन तापलं की पाइपातच पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ओढत बसतो. मग बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका आणि निंबाच्या सावलीत थांबा. नव्या गाडीत पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोल दाबानं पुढे ढकलतो, त्यामुळे वाफ धरायचा प्रश्न सहसा येतच नाही.

"पण भाऊ, जुनी गाडीना पत्रा जाड व्हता!" हे तर हमखास. कसला जाड? अख्ख्या गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. काळ्या मातीत रुतली तर वावरातली चार माणसं ढकलून बाहेर काढतात. एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. धुळे रोडला पुढच्या ट्रकनं अचानक ब्रेक मारला की दोन्ही गाड्यांतला फरक पायाला कळतो.

मग जुनी ठेवली कशाला? तिला स्कॅनर, म्हणजे बिघाड शोधणारं यंत्र, लागत नाही म्हणून. मिस्त्री कार्बोरेटर उघडतो, जेट (त्यातलं पेट्रोलचं बारीक भोक) फुंकतो, प्लग घासतो, गाडी चालू. नवीत डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला की आधी स्कॅनर लावून कोड वाचायचा. शिवाय जुनीत खताच्या गोण्या टाकल्या तरी घरात कुणी बोलत नाही. नवीत टाकून बघा!

तिचे लाड फुकटात होत नाहीत. 15 वर्षं झाली की दर 5 वर्षांनी आरटीओत पासिंग, वर पर्यावरण कर. आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनवलेले नाहीत, ते लवकर खराब होतात. आम्ही दोन्ही बदलून घेतले.

घरात एकच गाडी ठेवणार असाल तर जुनीच्या नादी लागू नका. दुसरी म्हणून घ्यायची असेल, तर गाडी बघण्याआधी मिस्त्री बघा. गॅरेजमधल्या नव्या पोरांपैकी कितीजणांना कार्बोरेटर जमतो, ते विचारून या.