सात हजारांची सुरी आणि सायकलवरचा धारवाला

इंदूरच्या बर्तन बाजारात शंभर-दीडशेला सुरी मिळते, आणि ऑनलाइन तेवढ्याच लांबीची सात हजारांना. दोन्ही स्टेनलेस. मग वरचे पैसे कशाचे? थोडे पोलादाचे, त्याहून जास्त त्या पोलादाला दिलेल्या पाण्याचे (म्हणजे तापवून झटकन थंड करून ते कडक करण्याचे), आणि एका टप्प्यानंतर नुसते मुठीचे आणि नक्षीचे.

महागड्या सुरीच्या पात्यावर एक्स५०सीआरएमओव्ही१५ असं रेल्वेच्या डब्यासारखं नाव कोरलेलं असतं. वाचायला ते अवघड नाही. ५० म्हणजे ०.५ टक्का कार्बन, १५ म्हणजे १५ टक्के क्रोमियम, शिवाय चिमूटभर मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. कार्बनमुळे कडकपणा येतो, क्रोमियममुळे गंज अडतो. गंमत अशी, की स्विस व्हिक्टोरिनॉक्स कंपनीची प्लास्टिकच्या मुठीची साधी सुरी आणि जर्मन वुस्टहोफची वजनदार घडीव सुरी, दोन्ही याच पोलादाच्या. कडकपणाच्या रॉकवेल मापावर पहिली ५५-५६, दुसरी ५८. हा फरक पाणी कसं दिलं त्यातून येतो. किमतीतला फरक मात्र कित्येक पटींचा, आणि तो मुख्यतः घडाई, वजन आणि मुठीत जातो. रोजच्या भाजीला पहिली पुरून उरते.

व्हीजी-१० या जपानी पोलादाची गोष्ट वेगळी. कार्बन १ टक्क्याच्या आसपास, कडकपणा ६०-६१. इथे पोलादाचे पैसे खरे वसूल होतात: धार जास्त टिकते, आणि काठ दर बाजूला १५ अंशांपर्यंत पातळ ठेवता येतो. पिकलेला टोमॅटो दाबला न जाता कापला जातो. पण इतकं कडक पोलाद वाकत नाही, तुटतं. नारळाची करवंटी, मटणाचं हाड, फ्रीझरमधून काढलेला दगडासारखा गोळा, किंवा सुरणात अडकलेलं पातं आडवं पिरगळणं, यातल्या कशानेही धारेचे कपचे उडतात. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरायची सवय असेल तर कुठलीच धार टिकणार नाही. लाकडी पाट हवाच.

दमास्कसच्या लाटांवर, म्हणजे पात्यावरच्या लाटांसारख्या नक्षीवर, पैसे घालायचे तर दागिन्यावर घालतो तसे घालावेत. कापतो तो मधला गाभा, नक्षी फक्त बाजूच्या थरांत असते. लाटा अगदी धारेच्या टोकापर्यंत गेल्या असतील आणि गाभ्याची वेगळी रेघ दिसत नसेल, तर बहुधा ती नक्षी छापलेली.

आता गल्लीत आरोळी देणारा धारवाला. त्याचं चाक कोरडं आणि वेगवान, आणि पात्याचा सगळ्यात पातळ भाग आधी तापतो. कडक केलेलं पातं कारखान्यात साधारण १५०-२०० अंश सेल्सिअसला पुन्हा तापवून चिवट करतात. काठ त्याच्या बराच वर गेला की पाणी उतरतं. ठिणग्या उडतात, सुरी त्या दिवशी सपासप चालते, आठवड्यात बोथट. काठ निळसर दिसला तर तेवढा भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही. दीडशेच्या सुरीचं यात फार बिघडत नाही. सात हजारांची सुरी मात्र दीडशेची होऊन परत येते.

म्हणून महाग सुरी घ्यायची तर आधी १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा आकडा) पाण्याचा, म्हणजे भिजवून वापरायचा, धार लावायचा दगड घ्या. पातं ४५ मिमी रुंद असेल तर १५ अंशांसाठी पाठ दगडापासून साधारण १२ मिमी वर धरा. एका बाजूने इतकं घासा, की दुसऱ्या बाजूला मुठीपासून टोकापर्यंत बोटाला बारीक खरखर लागेल. ती जिथे लागत नाही तिथे दगड काठापर्यंत पोचलेलाच नाही, आणि बहुतेकांची धार इथेच फसते. मग बाजू बदला. शेवटी हलक्या हाताने आलटून पालटून घासून ती खरखर काढा, नाहीतर पहिल्या कांद्यालाच ती दुमडेल.

हे करायचं नसेल तर व्हीजी-१० च्या वाटेला जाऊ नका. मऊ स्टेनलेस किंवा आजीची साध्या पोलादाची विळी बरी. विळीला जवळपास क्रोमियम नसतं, म्हणून कैरी चिरली की पातं काळं पडतं. तो काळा थर घासून काढू नका, लाल गंज तोच थोडाफार थोपवतो. धुतल्याबरोबर कोरडी पुसा, आणि पावसाळ्यात तेलाचं बोट फिरवा.